मोठ्या गाडीचा आवाज आणि कायद्याची वेस



गळीत हंगाम आटोपला की आपल्या ऑफिसात उसाची बिले, बेण्या-खताची उधारी आणि शेअर्सच्या वारसनोंदी, एवढेच विषय चालतात. यंदा मात्र एक निराळाच प्रश्न आमच्या टेबलावर आला. एक जुने सभासद आपल्या मुलाला घेऊन आले होते. उसाच्या बिलात थोडी भर घालून आणि बँकेचे कर्ज काढून त्यांनी घरी सात आसनी मोठी गाडी आणली आहे. घरात माणसे दहा, बाजारहाट, लग्नकार्य, दवाखाना, सगळ्याला तीच एक गाडी. मुलगा म्हणाला,

"काका, गाडी झकास आहे, पण तिला आवाजच नाही. चालू आहे का बंद, तेच कळत नाही. कायद्यात राहून सायलेन्सरचा आवाज वाढवता येतो का? शहरात एक मेस्त्री म्हणतो, सगळं लीगल करून देतो."

वडील हसून म्हणाले, "साहेब, आवाज याचा स्वतःचाच पुष्कळ आहे. पण विचारतोय तर सांगून टाका एकदाचं."

"कायद्यात राहून" हे त्याचे शब्द आम्हाला आवडले. गप्प बदल करून मोकळी होणारी पोरे पुष्कळ असतात. याने निदान आधी विचारले. त्याला तोंडी उत्तर देऊन भागले असते. पण आपल्या कार्यक्षेत्रात आता घरटी नाही तरी वस्तीगणिक अशी एक मोठी गाडी आहे, आणि हाच प्रश्न अनेक घरांत चालला असणार. म्हणून नियम काय आहेत, सायलेन्सर करतो काय आणि खर्च कशाचा होतो, हे सर्व आम्ही येथे एकत्र मांडत आहोत.

आवाज येतो कोठून?

आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या गाड्यांना चार सिलिंडरचे इंजिन असते. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा इंधन पेटते. म्हणजे चार सिलिंडर मिळून दर फेरीला दोन धमाके. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल तर मिनिटाला ६,००० आणि सेकंदाला १०० धमाके झाले. प्रत्येक धमाक्यानंतर झडप उघडते आणि दाबाखालचा तापलेला धूर एकदम बाहेर झेपावतो. कुकरची शिट्टी सेकंदाला शंभर वेळा उडाली तर कसे होईल, तसाच हा प्रकार. आपल्याला ऐकू येणारी घरघर ही या शिट्ट्यांची मिळून झालेली असते.

हा धूर तसाच बाहेर सोडला तर कानाला बोट लावावे लागेल. ही अडचण मोटारीच्या अगदी बालपणापासूनची आहे. अमेरिकेत इंडियाना प्रांतातल्या मिल्टन रीव्ह्ज या गृहस्थाने आपल्या गाडीचा आवाज फार होतो म्हणून भावाच्या मदतीने आवाज दाबणारे नळकांडे तयार केले आणि १८९७ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या वेळी रस्त्यावर घोडागाड्यांचीच वर्दळ होती. जनावरांच्या रस्त्यात मोटार घालायची तर आधी तिचा आवाज आवरला पाहिजे, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच माणसाच्या ध्यानात आले होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिच्याशी आपला संबंध येणार आहे.

सायलेन्सर नेमके काय करतो?

जायकवाडीच्या कालव्यावर जेथे पाणी उंचावरून खाली पडते, तेथे पायथ्याला खोल हौद बांधलेला असतो. पाणी त्यात घुसळते, आपला जोर तेथेच खर्च करते आणि पुढे पाटाने शहाण्यासारखे वाहू लागते. सायलेन्सर हा धुराचा तसाच हौद समजा. आत दोन-तीन कप्पे असतात, भोके पाडलेल्या नळ्या असतात, काहींत उष्णता सोसणारी तंतूंची लोकर भरलेली असते. आवाजाच्या लाटा या कप्प्यांच्या भिंतींवर आपटून उलट येतात आणि एकमेकींना मारतात. उरलेला आवाज लोकर गिळते.

हे कप्पे अंदाजाने केलेले नसतात. त्या गाडीच्या इंजिनाला, वजनाला आणि लांबीला जुळेल अशा बेताने त्यांची मापे काढलेली असतात. म्हणून एका गाडीचा सायलेन्सर दुसरीला बसला तरी जुळतोच असे नाही.

डिझेल गाडीत आणखी एक गोष्ट आहे. धूर सायलेन्सरपर्यंत पोचायच्या आधीच त्याचा बराच जोर टर्बोच्या चाकाने काढून घेतलेला असतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस. ६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले. तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी आली. काही गाड्यांत तर युरियाचे पाणीही फवारले जाते. हो, युरियाच! ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. शेतात टाकायचा युरिया मात्र त्यात चालत नाही, हे सांगून ठेवतो, कारण हा प्रयोग कोणी ना कोणी करणारच. तर टर्बो, जाळी आणि हा फवारा या सगळ्यातून येता येता आवाज आधीच मऊ झालेला असतो.

यातून निघणारा मुद्दा असा की, चार सिलिंडरच्या डिझेल गाडीचा सायलेन्सर काढला म्हणजे तिला सिनेमातल्या आठ सिलिंडरच्या गाडीसारखा घनगंभीर आवाज येत नाही. येतो तो नुसता खरखरीत गोंगाट. शेळीच्या गळ्यात घंटा बांधली म्हणून तिची हत्तीण होत नाही.

डेसिबलचा हिशोब

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हा हिशोब आपल्या वजनकाट्यासारखा सरळ नाही. काट्यावर दहा टनांच्या जागी वीस टन म्हणजे दुप्पट. डेसिबलमध्ये मात्र आकडा दहाने वाढला की आवाजाची शक्ती दहापट होते आणि वीसने वाढला की शंभरपट. तीन डेसिबल वाढले तरी शक्ती दुप्पट झालेली असते. आपल्या कानाला मात्र दहा डेसिबलची वाढ साधारण दुप्पट आवाजासारखी वाटते. येथेच फसगत होते. पोराला वाटते, थोडाच तर वाढवला.

नियमातला आकडा असा. चालकासह नऊपर्यंत आसने असलेल्या प्रवासी गाडीला २००५ पासून ७४ डेसिबलची मर्यादा घातली गेली. काही डिझेल आणि खडतर रस्त्याच्या वजनदार गाड्यांना एखाद-दोन डेसिबलची सवलत आहे. ही मोजणी उभ्या गाडीवर होत नाही. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने आणतात, ठरलेल्या पट्ट्यात शिरली की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात आणि रस्त्याच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर ठेवलेल्या मायक्रोफोनने आवाज टिपतात. गाडीचा नमुना या परीक्षेत उतरल्याशिवाय कंपनीला ती विकता येत नाही. अशी परीक्षा घेणाऱ्या देशातल्या मान्य संस्थांपैकी दोन आपल्या जवळच आहेत. एक पुण्याची ए.आर.ए.आय. आणि दुसरी आपल्या शेजारी अहिल्यानगरची संरक्षण खात्याची व्ही.आर.डी.ई.

आता एक साधे गणित करू. समजा, सायलेन्सर बदलून आवाज ७४ वरून ९४ डेसिबलवर गेला. फरक वीस डेसिबलचा. म्हणजे कंपनीतून आलेल्या तशाच शंभर गाड्या एका जागी, एकाच वेळी, ॲक्सिलरेटर दाबून उभ्या केल्यासारखे झाले. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. साडेसात मीटरवर ९४, पंधरावर ८८, तीसवर ८२, साठवर ७६. म्हणजे साठ मीटर लांबच्या घरातही हा आवाज, मूळ गाडी अगदी दारात जोर लावून गेली असती त्यापेक्षा जास्तच.

ताडून पाहण्यासाठी आणखी दोन आकडे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल, अशी सरासरीची मर्यादा दिली आहे. दवाखाने, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतालच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ती दिवसा ५० आणि रात्री ४० आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरात घाटी दवाखान्याजवळून जाताना किंवा जालना रोडवर खंडपीठासमोरून जाताना हे आकडे आठवावेत. कारखान्यातही आठ तासांच्या पाळीत ९० डेसिबलच्या वर कामगाराला उघड्या कानाने ठेवायचे नाही, असा दंडक आहे. मिल हाऊस आणि टर्बाईनकडच्या कामगारांना कानात घालायची बोंडे याचसाठी देतात. आपण पगार देऊन ज्या आवाजापासून माणसाला वाचवतो, तोच आवाज पदरचे पैसे देऊन घरच्या गाडीला बसवायचा, हे कोणत्या हिशोबात बसते?

कायदा काय म्हणतो?

मेस्त्री लोकांचा एक ठरलेला युक्तिवाद असतो. "आर.सी. बुकात सायलेन्सरचा उल्लेखच नाही. मग बदलला तर बिघडलं कुठं?" ऐकायला पटते, पण हे अर्धेच खरे आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम स्पष्ट करून कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार चालणार नाहीत, असा निकाल दिला. पण सायलेन्सरसाठी या कलमापर्यंत जाण्याचीही गरज नाही. त्याचा स्वतंत्र नियमच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२०. प्रत्येक गाडीला धुराचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा आणि गाडी आवाजाच्या ठरलेल्या मर्यादेत बनवलेली असावी व तशीच राखलेली असावी. "राखलेली" हा शब्द महत्त्वाचा. कंपनीने परीक्षा पास केली म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. आणि हो, या नियमात शेतीच्या ट्रॅक्टरचाही स्पष्ट उल्लेख आहे.

शिक्षेचे पाहू. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९० (२) खाली आवाजाचे किंवा धुराचे मानक मोडणारी गाडी चालवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद, अशी तरतूद केली. हे कलम चालवणाऱ्यापुरते नाही. गाडी चालवू देणाराही त्यात येतो. म्हणजे पोराच्या हातात चावी देणारे वडीलसुद्धा! त्याच दुरुस्तीत कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. जागेवर तडजोडीने किती भरायचे ते राज्य सरकार ठरवते, त्यामुळे चलनावरचा आकडा निराळा दिसू शकतो. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवला आहे, हे आपण वर्तमानपत्रांतून पाहिलेच आहे.

"पण पीयूसी आहे ना!" असेही काही जण म्हणतात. पीयूसीत धूर तपासतात, आवाज नाही. ते सर्टिफिकेट येथे उपयोगाला येत नाही.

मग कायद्यात राहून काय करता येते?

पुष्कळ करता येत नाही, पण थोडे येते. ते असे.

१) आहे तो सायलेन्सर धड ठेवा. गंजून भोक पडले, जोड सुटला की आवाज वाढतो आणि पोरे खुश होतात. पण त्या भोकातून येणारा धूर गाडीच्या पोटाखाली साचून आत शिरू शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. काचा लावून एसीत झोपलेल्या लेकरांना तो कधी चढला ते कळतही नाही. असा सायलेन्सर ताबडतोब बदलावा आणि त्याच गाडीसाठी कंपनीने ठरवलेलाच बसवावा.

२) आवाजाची हौस असेल तर ती गाडी घेतानाच भागवावी. काही कंपन्या जरा भारदस्त आवाजाचा सायलेन्सर स्वतःच बसवून, त्याच्यासह परीक्षा पास करून गाडी विकतात. ह्युंदाईने २०२१ साली आय-ट्वेंटीची एन लाइन ही आवृत्ती अशीच आणली होती. आवाजाचा पोत बदलला, मर्यादा मात्र पाळली. कायदेशीर वाट म्हणतात ती हीच. आवाजाचा सूर आणि आवाजाचे प्रमाण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हार्मोनियमची पट्टी बदलता येते, त्यासाठी भाता फाडावा लागत नाही.

३) आवाज आत वाढवावा, बाहेर नाही. ही युक्ती परदेशी मोठमोठ्या कंपन्याही वापरतात. बी.एम.डब्ल्यू.ने २०११ च्या एम-फाइव्ह गाडीत इंजिनाचा आवाज आतल्या स्पीकरमधून ऐकवायची सोय केली. गाडी इतकी शांत झाली होती की चालवणाऱ्याला चुकल्यासारखे वाटे! आपल्या गाडीतही आतल्या स्पीकरवर, बाहेरचा हॉर्न ऐकू येईल इतक्या बेताने, कोणी असा आवाज लावला तर सायलेन्सरला हात लावावा लागत नाही. बाहेर स्पीकर लावणे मात्र यात बसत नाही.

४) नळीच्या टोकाला चकचकीत टोपण लावायचे असेल तर ते शोभेपुरते समजावे. त्याने आवाज वाढत नाही. धूर मागे किंवा उजवीकडेच गेला पाहिजे, खाली किंवा डावीकडे नाही, असा नियम ११२ आहे. तेव्हा टोपणाने धुराची दिशा बदलू नये.

५) कोणी "मंजूर झालेला" सायलेन्सर विकू लागला तर तीन कागद मागावेत. याच मॉडेलवर घेतलेल्या चाचणीचा मान्य संस्थेचा अहवाल, गाडीच्या कंपनीचे लेखी पत्र आणि आरटीओची लेखी परवानगी. परदेशातला शिक्का म्हणजे आपल्या आरटीओची परवानगी नव्हे. मेस्त्रीचे "काही होत नाही हो" हे वाक्य कोणत्याही कागदात बसत नाही.

६) आणि शेवटचा उपाय फुकटचा आहे. काच खाली करावी. कन्नडचा औट्रम घाट उतरताना खालच्या गियरमध्ये इंजिन स्वतःच बोलते. ते ऐकावे. त्याच्याइतका खरा आवाज कोणताही मेस्त्री बसवून देणार नाही. फक्त तो परिसर गौताळा अभयारण्याला लागून आहे, याचे भान ठेवून मुद्दाम ॲक्सिलरेटर पिळू नये.

पदरचा खर्च

आता व्यवहाराचे बोलू, कारण आपण शेतकरी माणसे, शेवटी हिशोब आलाच. सायलेन्सर मोकळा केला की गाडी जोरात पळते असा समज आहे. आजच्या गाडीत इंधन, हवा आणि धूर यांचा मेळ संगणक घालतो. धुराच्या वाटेवर त्याचे सेन्सर बसवलेले असतात. वाट बदलली की हा मेळ बिघडू शकतो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. काही जण त्यापुढे जाऊन काजळीची जाळीच काढून टाकतात. तेव्हा तर धुराचाही गुन्हा होतो. फट-फट असा फटाक्याचा आवाज काढण्यासाठी न जळलेले इंधन धुराच्या नळीत पेटवतात. त्या उष्णतेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर खराब होतो आणि तो भाग स्वस्त नसतो.

शिवाय बदललेल्या भागाशी संबंधित बिघाडाला कंपनी वॉरंटी नाकारू शकते. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो. आणि सर्वांत मोठा खर्च कानांचा. मोकळ्या सायलेन्सरची घुमघुम नेमकी १,५०० ते २,५०० फेऱ्यांच्या टप्प्यात आत भरून राहते. समृद्धी महामार्गावर शंभराच्या वेगाने निघालात की बहुतेक डिझेल गाड्यांचे इंजिन याच टप्प्यात असते. नागपूरपर्यंत आजीचे डोके धरले, तर पोराची हौस कोणाच्या माथी बसली?

आपल्या हंगामाशी याचा संबंध

एवढे सगळे कायद्याचे झाले. पण आम्ही हा लेख लिहायला बसलो त्याचे खरे कारण दंड हे नाही.

गेल्या हंगामातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. केन यार्डाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. पुढे ट्रॅक्टर, मागे बैलगाड्या. एका गाडीवर नवरा-बायको होते, उसाच्या मोळ्यांवर त्यांचे चार वर्षांचे लेकरू झोपलेले. तेवढ्यात मागून एक मोठी गाडी आली आणि रांगेला लागून जाताना चालवणाऱ्याने ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला. फट-फट-फट! बंदुकीसारखा आवाज झाला. डावीकडचा बैल बुजला, जू निखळले आणि गाडी रस्त्याच्या कडेला चारीत कलली. बाईने लेकराला ओढून घेतले म्हणून ते वाचले. नवऱ्याचा पाय चाकाखाली आला.

त्यांना दवाखान्यात नेणाऱ्यांत आम्ही होतो. हाड जुळले, पण तोपर्यंत हंगाम संपत आला होता. मुकादमाची उचल अंगावर तशीच राहिली. ती फेडायला बाईला एकटीला कोयता धरावा लागला. ती गाडी कोणाची, हे आम्ही येथे लिहीत नाही. एवढेच सांगतो की ती परक्या मुलखातली नव्हती, आपल्याच कार्यक्षेत्रातली होती. त्या मुलाला अपघात झाल्याचे कळलेही नसावे. स्वतःच्याच आवाजात त्याला मागचा ओरडा ऐकू आला नाही.

वर सांगितलेला तो अमेरिकेतला गृहस्थ आणि त्याच्या काळचा घोड्यांचा रस्ता आम्हाला त्या रात्री आठवला. आपल्या रस्त्यावर हंगामाचे महिनोन्‌महिने अजूनही बैल चालतात. रस्त्याच्या कडेला कोप्यांतून तोडणी मजुरांची लेकरे झोपतात. त्यांना पहाटे उसाच्या फडात जायचे असते. त्यांच्या झोपेला दार नाही, भिंत नाही, पाचटाचा नुसता आडोसा आहे. साठ मीटरवर ७६ डेसिबल हा आकडा कागदावर कोरडा वाटतो. कोपीत झोपून पाहिले म्हणजे तो कळतो.

आणि बोट फक्त मोठ्या गाड्यांकडे दाखवून चालणार नाही. आपल्या ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांवर कर्ण्यासारखे टेप वाजतात. मागून कोण येते, हॉर्न कोण देते, हे ड्रायव्हरला ऐकू येत नाही. काहींचे सायलेन्सर फुटलेले आहेत. त्यांनाही हाच नियम १२० लागू आहे. येत्या हंगामाचे करार करताना वाहनमालकांनी सायलेन्सर, मागचे रिफ्लेक्टर आणि टेप या तिन्हींकडे लक्ष द्यावे, अशी विनंती आम्ही येथे करून ठेवतो.

त्या मुलाला काय सांगितले?

हे सगळे आम्ही त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे काका, कंपनीनं दिला तेवढाच आवाज माझा. बाकीचा उसना." आम्ही म्हटले, "बरोबर. आणि उसन्याचं व्याज दुसरेच लोक भरतात."

जाताना त्याने विचारले, "मेस्त्रीला दिलेले इसाराचे पैसे परत मिळतील का?" ते मात्र आमच्या हातात नव्हते. पण आठ दिवसांनी वडील शेअर्सच्या कामाला आले तेव्हा सांगून गेले की, त्या इसारात पोराने मागच्या काचेला वायपर आणि ट्रॉलीच्या मागे लावायला रिफ्लेक्टरच्या पट्ट्या घेतल्या. गाडी अजून तशीच शांत आहे. घरी येते तेव्हा आवाज येतो तो नातवंडांचा.

सभासदांनी आपापल्या घरी हा अंक मुलांच्या हाती जरूर द्यावा. गाडीविषयी, वाहतुकीविषयी काही शंका असल्यास गट कार्यालयात लेखी द्याव्यात. पुढील अंकात त्यांची उत्तरे देण्याचा आम्ही प्रयत्न करू.

— संपादक मंडळ